सातबाऱ्यापर्यंत न पोचलेलं राष्ट्रीय धोरण

२०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कोलंबियातल्या काली शहरात जैवविविधतेची जागतिक परिषद भरली होती. भारताने तिथे आपली सुधारित राष्ट्रीय जैवविविधता रणनीती आणि कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत गाठायची २३ उद्दिष्टं त्यात आहेत. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला ठरलेल्या जागतिक आराखड्यातही २३च उद्दिष्टं आहेत. आपली त्यांच्याशी जुळवून घेतलेली. जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा, परके उपद्रवी जीव आवरायचे, प्रदूषण घटवायचं, शेती, मासेमारी आणि जंगलं टिकतील अशा बेताने वापरायची, आणि हे सगळ्या खात्यांनी, सगळ्या समाजाने मिळून करायचं. वाचायला घेतलं तर नावं ठेवायला फारशी जागा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या आराखड्यामुळे देशातल्या एकाही कार्यालयातली एकही फाईल अडत नाही. महामार्गाची आखणी करणाऱ्याला तो उघडून बघावा लागत नाही, सौर प्रकल्पासाठी जमीन शोधणाऱ्याला नाही, आणि गायरानावर डोळा ठेवून बसलेल्यांना तर नाहीच नाही. ज्या धोरणाच्या आधारे कुणी कुणाला 'थांबा' म्हणू शकत नाही, त्याला फार तर सदिच्छापत्र म्हणता येईल.

हे हवेतलं बोलणं नाही, हे दाखवायला जानेवारी २०२१ हा एकच महिना पुरेसा आहे. ग्रेट निकोबार बेटावरच्या गलाथिया उपसागराचा किनारा चामडी पाठीच्या महाकाय समुद्री कासवांसाठी ओळखला जातो. जगातलं सर्वात मोठं कासव ते. भारतात त्याची अंडी घालायची मोजकी ठिकाणं आहेत आणि त्यांत हा किनारा अग्रगण्य. त्या महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने गलाथिया अभयारण्य रद्द करायला मान्यता दिली, कारण तिथे मालवाहू जहाजांचं मोठं बंदर उभारायचं ठरत होतं. महिना संपायच्या आत पर्यावरण मंत्रालयाने समुद्री कासवांसाठीचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात कासवांच्या महत्त्वाच्या अधिवासांच्या यादीत गलाथियाचं नाव होतं. मंत्रालय तेच, महिना तोच. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर अशा सुमारे ७२ हजार कोटींच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवायचं आहे. भरपाईची झाडं लावायची ती हरियाणात. निकोबारचं सदाहरित वर्षावन आणि हरियाणाची कोरडी जमीन यांची अदलाबदल ज्या हिशेबात बसते, त्या हिशेबात जैवविविधता हा शब्द कशासाठी घालतात तेवढं कुणीतरी सांगावं.

कासवांच्या आराखड्यात चूक नव्हती. आराखडा करणाऱ्या शास्त्रज्ञांनी किनारा नीट ओळखला होता. फक्त त्यांच्या कागदाला बंदराच्या कागदासमोर उभं राहण्याचा अधिकार कायद्याने कधी दिलाच नव्हता.

आपल्याकडे चांगली रणनीती लिहिणारी माणसं नव्हती असंही नाही. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या जैवविविधता कराराला भारताने १९९४ मध्ये मान्यता दिली. प्रत्येक देशाने राष्ट्रीय रणनीती करावी, असं त्या करारातच लिहिलेलं आहे. त्यासाठी २००० च्या सुमारास केंद्र सरकारने जे काम सुरू केलं, तसं या देशात आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही. समन्वयाची जबाबदारी पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या 'कल्पवृक्ष' या संस्थेकडे होती. राज्यांचे, नदीखोऱ्यांसारख्या परिसर-प्रदेशांचे, काही छोट्या भागांचे आणि विषयवार असे सत्तरहून अधिक आराखडे तयार झाले. हजारो माणसं त्यात उतरली. आजच्या तेलंगणातल्या झहीराबादच्या बाजूला, म्हणजे आपल्या नांदेड-लातूरपासून फार लांब नसलेल्या दख्खनच्या पट्ट्यात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी बैलगाड्या सजवून, त्यांत घरची बियाणी मांडून गावोगाव फिरती जत्रा काढली. त्या भागाचा आराखडा तशा गावसभांतून निघाला. राष्ट्रीय धोरणाचं एक पान बैलगाडीतल्या राळ्या-ज्वारीच्या टोपल्यांसमोर बसून लिहिलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे काय झालं? २००३ च्या अखेरीस अंतिम मसुदा मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच थांबला. सरकारने तो राष्ट्रीय आराखडा म्हणून स्वीकारला नाही. संस्थेने तो २००५ मध्ये स्वतःच छापला. २००८ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने जो राष्ट्रीय जैवविविधता कृती आराखडा मंजूर केला, तो वेगळा, आटोपशीर आणि कुणालाही न बोचणारा होता. आधीच्या मसुद्यात एक गोष्ट स्पष्ट होती. विकासाचं नियोजन कसं होतं, जमीन आणि पाणी कुणाच्या हातात आहे, याला हात घातल्याशिवाय जैवविविधता वाचणार नाही. नेमकं तेवढंच गळालं.

पश्चिम घाटाबाबत हीच कथा पुन्हा घडली, त्यामुळे तिला योगायोग म्हणता येत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून करा, सीमा आणि नियम गावागावांत चर्चा करून ठरवा, असं त्यात म्हटलं होतं. मंत्रालयाने तो अहवाल महिनोन् महिने दाबून ठेवला. माहिती अधिकारातली लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली तेव्हा कुठे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. मराठीत यायला आणखी वेळ लागला आणि त्या मधल्या काळात 'हा अहवाल लागू झाला तर घराला खिडकीसुद्धा पाडता येणार नाही' अशा अफवा सिंधुदुर्गात नि केरळात सुखेनैव फिरल्या. ज्यांच्यासाठी अहवाल लिहिला त्यांनीच तो वाचू नये अशी व्यवस्था केली की विरोध आयताच उभा राहतो. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली आणि तिने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. मग २०१४ पासून मसुदा अधिसूचनांची रांग लागली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्याच्या आदल्या दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळून गावं गाडली गेली होती. या मसुद्यात महाराष्ट्राचं क्षेत्र सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. पण मसुदा म्हणजे मसुदा. हरकती मागवायच्या, मुदत संपू द्यायची, नवा काढायचा.

आता खालच्या टोकाला येऊ. भारताचा जैविक विविधता कायदा २००२ चा. तो वरवर बघता अगदी गावापासून सुरू होतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. मूळ नियमांत तिची रचना एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एकतृतीयांश महिला, अशी होती. या समितीचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं. गावात काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, कोणतं कशासाठी वापरतात, पूर्वी काय होतं नि आता काय उरलं, हे सारं गावकऱ्यांनी सांगायचं आणि जाणकारांच्या मदतीने लिहून काढायचं. कल्पना इतकी सुंदर आहे की तिचं काय झालं ते सांगताना जीव थोडा थोडा होतो.

कित्येक वर्षं बहुतेक राज्यांनी तिकडे पाहिलंच नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे याचिका गेली. न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांनी महिन्याला दहा लाख रुपये भरावेत. सरकारी यंत्रणेला दंडाची भाषा लगेच कळते. पाहता पाहता देशभरात अडीच लाखांहून अधिक समित्या आणि जवळपास तेवढ्याच नोंदवह्या कागदावर उभ्या राहिल्या. वर्षाचे सगळे ऋतू पाहून जी वही लिहायची, ती काही आठवड्यांत झाली. कामं संस्थांना, कुठे चक्क एजन्सींना वाटली गेली.

घाटमाथ्यावरच्या एका ग्रामपंचायतीत अशी एक नोंदवही चाळायला मिळाली. रंगीत मुखपृष्ठ, सुबक बांधणी. वनस्पतींच्या यादीत कडुनिंब, वड, पिंपळ, तुळस, निलगिरी, गुलमोहर. पक्ष्यांत कावळा, चिमणी, मोर. गावाची देवराई एका ओळीत आटोपलेली. तिच्यात कोणती झाडं, कुणाची मालकी, पाणी कुठून उगम पावतं, कशाचा पत्ता नाही. पाणवठ्यांच्या पानावर शेजारच्या तालुक्यातल्या धरणाचं नाव राहून गेलेलं. एका वहीवरून दुसरी उतरवताना असं होतं. समितीच्या सदस्यांपैकी एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. आपण समितीत आहोत हे त्यांना माहीत होतं, कारण आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती. बोलायला लागल्यावर त्यांनी पावसाळ्यातल्या रानभाज्यांची जी यादी सांगितली, कोणती पहिल्या सरीला येते, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, ती त्या वहीत कुठेच नव्हती.

तरीही ही वही रद्दीत घाला असं मी म्हणणार नाही. वही खोटी झाली, कारण ती खरी असून उपयोग नव्हता. सातबारा चुकला तर माणूस तलाठ्याच्या दारात ठिय्या देतो, कारण सातबाऱ्यावर जमीन ठरते, कर्ज मिळतं. नोंदवहीवर काहीच ठरत नाही. गावातून रस्ता जाणार असेल, खाण येणार असेल, तर पर्यावरण परिणामांच्या अहवालासाठी सल्लागार कंपनी येते, स्वतःची यादी स्वतः करते आणि जाते. गावाची वही त्या अहवालाशी ताडून पाहा, फरक असेल तर खुलासा करा, असं बंधन कुठेही नाही. तेवढं बंधन घाला आणि मग बघा, गावं नोंदवह्या किती बारकाईने लिहितात ते.

माळरानाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात वरून आखलेल्या संरक्षणाचा तिच्याएवढा लख्ख धडा दुसरा नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक होते. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही माळांना कुंपण घातलं गेलं, चराई आवरली, गवत वाढलं आणि पक्षी तिथे टिकला. १९७९ मध्ये सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्या रेषेच्या आत आले. गावं, बाजारपेठा, उसाचे मळे, लोकांची खासगी शेतं. खरं माळरान त्यातला अगदी लहान हिस्सा होतं. रेषेच्या आतल्या शेतकऱ्याला जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, बिगरशेती करायची तर अडचण, उद्योगाला परवानगी नाही. मोबदला शून्य. तीस वर्षं त्या भागात 'माळढोक' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. पक्ष्याचा त्यात काय दोष?

कागदावर एवढं जबरदस्त संरक्षण असताना जमिनीवर उलटंच चाललं होतं. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, माळ फुटले. गवताळ जमीन म्हणजे मोकळी जमीन, तिच्यावर झाडं लावली पाहिजेत, या समजुतीने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावण्यात आली. उघड्यावर, दूरवर नजर टाकत जगणाऱ्या पक्ष्याच्या घरात लावलेली ही झाडं सरकारी वृक्षारोपणाच्या आकड्यांत मात्र यश म्हणून जमा झाली. पुढे अभयारण्याचं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर उशीर झाला होता. आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक आहे. ज्याच्या नावाने हे सगळं झालं तो जवळजवळ गेला.

माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना कुणी विचारलं असतं तर पक्षी कुठे अंडी घालतो, कोणत्या महिन्यात कुठला माळ मोकळा सोडायचा, हे त्यांनी सांगितलं असतं. साडेआठ हजारांऐवजी काहीशे चौरस किलोमीटर खरा माळ निवडून, तिथल्या जमीनमालकाला गवत राखण्याचे वर्षाला रोख पैसे दिले असते, तर? हे नंतरचं शहाणपण आहे खरं. पण तीच चूक आपण आजही करतो आहोत, म्हणून बोलायचं.

कारण सरकारच्या लेखी माळ म्हणजे आजही पडीक. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह केंद्र सरकार काढतं. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशाची जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक आहे. गवताळ आणि झुडपी माळांचा मोठा भाग त्यात आहे. सातबाऱ्यावर याच जमिनी पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून येतात. कोकणातला कातळसडा घ्या. उन्हाळ्यात चप्पल घालूनही चालवत नाही इतका तापलेला काळा दगड. पहिल्या पावसानंतर त्याच दगडावर गवत, मग दीपकाडीची पांढरी फुलं, मग सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे. दीपकाडी कोकणच्या सड्यांखेरीज जगात फारशी कुठे सापडत नाही. साताऱ्याच्या कासला २०१२ मध्ये जागतिक वारशात जागा मिळाली म्हणून तिथे गर्दी आवरायला तिकीट लागतं; रत्नागिरी-राजापूरचा सडा त्याच कुळातला, पण सातबाऱ्यावर तो पोटखराब. पोटखराब जमीन द्यायला कुणाचं काय जातं? प्रकल्पाला जागा शोधताना अधिकाऱ्याचं बोट आधी तिथेच जातं, आणि त्याच्या दृष्टीने ते चूकही नाही. सुपीक शेती वाचवली असंच तो म्हणेल.

हिरव्या ऊर्जेचाही प्रश्न इथेच येऊन अडतो. राजस्थान-गुजरातमधले उरलेसुरले माळढोक विजेच्या तारांवर आपटून मरतात. त्यांना समोरचं कमी दिसतं, शरीर जड, शेवटच्या क्षणी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. सरकार आणि ऊर्जा कंपन्यांनी खर्च आणि हवामान बदलाचं कारण पुढे केलं, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश सैल करून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य झाला, हे महत्त्वाचंच. पण सूर्य तर सगळ्या देशात तळपतो. सौर प्रकल्प कुठे करायचे आणि कुठे नाहीत हे आधी नकाशावर ठरलं असतं, तर पक्षी आणि वीज यांना न्यायालयात एकमेकांसमोर उभं राहावं लागलं नसतं. तो नकाशा करणं हेच राष्ट्रीय रणनीतीचं काम. ते न झाल्यामुळे न्यायाधीशांना करावं लागलं.

आता पैशाचं. कायद्यात लाभवाटपाची तरतूद आहे: औषध, सौंदर्यप्रसाधनं, बियाणी यांच्या कंपन्या जो जैविक कच्चा माल वापरतात, त्यातल्या नफ्याचा छोटा वाटा तो राखणाऱ्या समाजाला मिळावा. देशी कंपन्यांनाही हे लागू आहे का, यावर वाद होता. २०१८ च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या दिव्य फार्मसीच्या प्रकरणात 'होय, लागू आहे' असा निकाल दिला. राज्याच्या जैवविविधता मंडळाची मागणी दोनेक कोटींची होती. प्रश्न तत्त्वाचा होता. निकालानंतर पाच वर्षांच्या आत संसदेने कायदाच बदलला. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष वैद्यांना, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून सूट दिली. तुरुंगवासाची तरतूद गेली, दंड राहिला. वैदूला परवानग्यांच्या फेऱ्यांतून सोडवायचं होतं हे मान्य. जुन्या कायद्यातली किचकट कलमं कुणालाच नको होती. पण संहिताबद्ध ज्ञान म्हणजे ग्रंथात आलेलं. ग्रंथात आलेलं ते बहुतेक कुठल्यातरी रानातल्या माणसाकडूनच आलेलं, आणि हिरडा आजही भीमाशंकरच्या परिसरातला महादेव कोळीच वेचतो. सूट वैद्याच्या नावाने निघाली; तिचा खरा लाभ कारखान्याला किती होतो, ते येत्या काही वर्षांत दिसेल. गावाच्या समितीच्या खात्यात पैसे येण्याचा जो एक महत्त्वाचा स्वतंत्र मार्ग होता, तो मात्र आजच अरुंद झाला आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. गावच कुठे जैवविविधता राखतं? सड्यावर सुरुंग लावून, माती आणून आंब्याची कलमं लावणारे गावकरीच असतात. देवराईतली झाडं तोडून मंदिराचा स्लॅब टाकायचा ठराव ग्रामसभेतच होतो. वाळूच्या ठेकेदाराशी सरपंचाचं नातं काय असतं ते सांगायला नको. समितीला अधिकार दिले तर ती याच लोकांच्या ताब्यात जाईल. जाईलही, काही ठिकाणी. गावाला देवघरात बसवून त्याची पूजा करणारं लिखाण आपल्याकडे बरंच आहे, त्यात मला भर घालायची नाही.

पण गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा जुनी. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच. २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले आणि ग्रामसभेने जंगलही तोडून संपवलं नाही. इथे फरक कशाने पडला? गावकरी इतरांहून साधू होते म्हणून नव्हे. हक्क लेखी होता, पैसा सर्वांसमोर येत होता आणि निर्णय एका सरपंचाचा नव्हता, सगळ्या गावाच्या संमतीचा होता. कोकणातल्या सडाधारकाला असं काय मिळालं? सडा तसाच ठेवला तर शून्य, फोडून कलमं लावली तर उत्पन्न. त्याने फोडला तर त्याला नीतीचे धडे कोण देणार?

पुणेकरांना हे चांगलं ठाऊक असायला हवं. समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, ते योग्यच होतं. पण जमीनमालकांना आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडच्या बांधकामासाठी विकता येणारा हक्क, देऊ केला गेला. बाजूच्या प्लॉटवर इमारती उठताना एवढ्यावर कोण समाधान मानेल? आरक्षण लोंबकळत राहिलं, टेकड्यांना अतिक्रमणांनी पोखरलं, आणि आरक्षणच उठवा ही मागणी दर निवडणुकीला नव्याने येते. संरक्षणाचा खर्च समाजाने उचलायचा की ज्याच्या जमिनीत तो सापडला त्या एकट्याने, याचं उत्तर नान्नजला दिलं नाही, टेकड्यांवर दिलं नाही आणि राष्ट्रीय आराखड्यातही पैशाचे मोठे अंदाज आहेत, हे उत्तर नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की २३ उद्दिष्टांत चोविसावं घालू नका. जी आहेत त्यांना दात द्या. पर्यावरण मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक अहवालासोबत बाधित गावांची नोंदवही जोडणं आणि तिच्याशी असलेल्या तफावतीचा खुलासा करणं सक्तीचं करा. ग्रामसभेने नोंदवही अमान्य केली तर ती पुन्हा लिहून घ्या, एजन्सीचं बिल थांबवा. गवताळ माळ, सडे, खाजणं आणि पाणथळी यांना पडीकच्या रकान्यातून बाहेर काढून स्वतःचं नाव असलेला जमिनीचा प्रकार द्या. हे करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही, जमीन हा राज्याचाच विषय आहे. महाराष्ट्राने जनुक कोश प्रकल्पासाठी पैसे मंजूर केले आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी जे देशी वाण जपले, त्यांची आठवण मंत्रालयात त्यानिमित्ताने होते. त्याच धर्तीवर माळ आणि सडे राखणाऱ्यालाही थेट खात्यात वार्षिक मोबदला मिळू शकतो. पीकविम्याचे पैसे खात्यात जातात, तसे हेही जातील.

आणि सातबाऱ्याचा 'इतर अधिकार' हा रकाना. त्यात विहिरीतला वाटा लिहिला जातो, बँकेचा बोजा लिहिला जातो. नोंदवहीत ग्रामसभेने खात्रीने नोंदवलेली देवराई, माळ किंवा सडा त्या गटाच्या 'इतर अधिकार'मध्ये आला, तर जमीन विकत घेणारा, बिगरशेतीची परवानगी देणारा आणि प्रकल्पासाठी संपादन करणारा या तिघांनाही तो आधी वाचावा लागेल. मालकाची मालकी जात नाही, मोबदल्याचा त्याचा दावा मात्र पक्का होतो. सगळ्या राज्यात एकदम करायची गरज नाही. दोन तालुक्यांत करून पाहा. दोडामार्गात बांबर्डे आहे. तिथली रानजायफळाची दलदल जेमतेम अडीच हेक्टरांची, गावाने देवाची म्हणून राखलेली, २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झालेली. आणि उत्तर सोलापुरात नान्नज आहे, जिथले शेतकरी सरकारच्या कुठल्याही नव्या रेषेवर सहजासहजी विश्वास ठेवणार नाहीत. मोबदल्याचा पहिला हप्ता त्यांच्याच खात्यात जमा करून सुरुवात करावी.